स्लरीचं काय करायचं?

लग्न ठरलं तेव्हा धायरीबद्दल माझ्या आईला दोनच शंका होत्या. एक, तिथली शेवटची बस किती वाजता सुटते, आणि दुसरी, घरात गॅस आहे का. मुलाकडून निरोप आला की गॅस आहे आणि तो पाइपने येतो. आम्ही कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं. सिलिंडरला नंबर लावून तीन-तीन आठवडे वाट बघायची सवय झालेली. पाइपने गॅस येतो म्हटल्यावर आईने जिन्यात भेटेल त्याला ते सांगून टाकलं. हा पाइप घरामागच्या गोठ्याजवळून निघतो आणि गॅस शेणाचा असतो, हे तिला साखरपुड्याच्या दिवशी कळलं. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि पुण्यात दर चौथ्या घरातला मुलगा कॉम्प्युटरकडे वळत होता. माझा नवराही त्यातलाच. सन दोन हजारचा म्हणून जो काही घोळ होणार होता, तो निस्तरायला त्याला सकाळी आठला घरातून निघावं लागे आणि तो रात्री नऊला परत येई. सासूबाई आमच्या लग्नाआधी दोन वर्षं गेलेल्या. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायचे. मामंजी फार बोलत नसत. नसत म्हणजे किती, तर माझा पहिला आठवडा "हाय", "न्हाय" आणि "ऱ्हाऊ दे" एवढ्यावर गेला.

घरामागे चार म्हशींचा गोठा होता. त्याला लागून विहिरीसारखा गोल बांधलेला खड्डा, आणि त्यात उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. रोज सकाळी मामंजी शेण आणि पाणी सारख्या मापाने एका हौदात घेत आणि त्याचा काला करत. काडी दिसली की उचलायची, गुठळी लागली की फोडायची, सगळं हातानं. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना हौदाशी उभं राहून मिथेन कसा तयार होतो, कोणते जीवाणू तो करतात, हे सविस्तर समजावून सांगितलं. हात तसेच शेणात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल."

गॅस काढून घेतला की दुसऱ्या बाजूने जे पातळ शेण बाहेर पडतं, त्याला सगळे स्लरी म्हणत. पूर्वी ही स्लरी चर खणून थेट मागच्या लसूणघासाच्या शेतात सोडलेली असायची. घास कमरेएवढा वाढायचा, तो म्हशी खायच्या, आणि पुन्हा शेण. मग मामंजींच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, भावांनी जमिनी विकल्या, आणि माझं लग्न व्हायच्या वर्षभर आधी त्या शेतावर पाच मजली इमारत उभी राहिली. शेत गेलं, म्हशी राहिल्या. स्लरी रोज येतच होती आणि तिला जायला जागा नव्हती. मामंजींनी अंगणाच्या कडेला खड्डा खणला. तो भरला तेव्हा दुसरा खणला. पावसाळ्यात दोन्ही भरून वाहिले आणि सगळा काळपट ओघळ कुंपणाखालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेला.

सोसायटीचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते फाइल घेऊन आले. आपण, आपलं, आपल्याला असं अतिशय अदबीने बोलून त्यांनी मामंजींना एवढंच सांगितलं, की त्यांच्या म्हशींचं उरलेलं जेवण आता सभासदांच्या स्कूटरांना लागलं आहे. मग महापालिकेचे एक साहेब आले. धायरी नुकतीच महापालिकेत गेली होती, त्यामुळे कुणाला काय विचारायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण साहेबांना माहीत होतं. दिवाळीपर्यंत ही घाण बाहेर जायची थांबली नाही तर गोठा हलवावा लागेल, असं ते म्हणाले. कुठे हलवायचा, ते म्हणाले नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं आणि त्याला तर बरंच वाटलं. आता सिलिंडर सहज मिळतो, बाबांनी किती दिवस शेणात हात घालायचे, त्यांनी आराम करावा, असं त्याचं म्हणणं. वाईट काही बोलला नाही तो. मामंजी उठले आणि वैरण टाकायला गेले. मी खिडकीतून बघत होते. एकेका म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, मग पुन्हा गेले. बायको गेली होती, मुलगा दिवसभर कंपनीत. या घरात ज्यांचं मामंजींवाचून अडत होतं अशा त्या चारच होत्या. मला मामंजींबद्दल इतकं वाईट वाटलं, की मी तिथेच ठरवून टाकलं आणि जेवताना जाहीर केलं: स्लरीचं काय करायचं ते मी बघते. मला कुणी विचारलं नव्हतं. मामंजींनी भाकरी मोडता मोडता एकदा वर पाहिलं, एवढंच.

माझी पहिली युक्ती अगदी सोपी होती. कोथरूडमध्ये प्रत्येक बाल्कनीत कुंड्या, धायरीत स्लरी. मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, त्यात ताजी स्लरी भरली, वर कागदी लेबलं चिकटवली आणि आईच्या मैत्रिणींमध्ये वाटून आले. दहापट पाणी घालून द्या, हे सांगायचं राहिलं. कोथरूडच्या बायका हात आखडता घेणाऱ्या नव्हेत. त्यांनी बाटलीच्या बाटली एकेका कुंडीत ओतली. आठवड्याने आईचा फोन आला. तिचे दोन गुलाब करपले होते आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची जाई गेली होती. "तुझ्या सासरचं काही पाठवू नकोस," ती म्हणाली, "लोक मला विचारतात."

हे मी मामंजींना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, फोनवरचं अर्धं त्यांनी ऐकलंच होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा एका वेळी दोन वाक्यं बोलले. "ओलं न्हाय द्यायचं कुणाला. आधी त्येला निजू द्यायचं."

निजू द्यायचं म्हणजे काय, हे त्यांनी मग करून दाखवलं. आंब्याच्या सावलीत जमिनीवर पालापाचोळ्याचा थर, त्यावर स्लरीचा, त्यावर मुठीमुठीने माती, पुन्हा पाला. वरून ओलं गोणपाट. आठवड्याने सगळं फावड्याने उलथायचं. ढीग आतून तापतो, मग हळूहळू निवतो, आणि निवला की गांडुळं सोडायची. पाला कुठून आणायचा हा प्रश्न होता. सोसायटीत रोज सकाळी झाडलोट करून पाला जाळत असत. मी अध्यक्षांकडे गेले आणि तो मागितला. ते चक्रावले, तक्रार ज्यांची केली तेच कचरा मागायला आले, याला फाइलमध्ये जागा नसावी. त्यांच्या पत्नीने मात्र दुसऱ्या दिवसापासून पोती भरून कुंपणावरून द्यायला सुरुवात केली. सिंहगड रस्त्यावरच्या रसवंतीवाल्याकडून मी उसाची चिपाडं आणू लागले.

मी कॉलेजातला जुना थर्मामीटर काढला. रोज सकाळी तो ढिगात खुपसून आकडा वहीत लिहायचे. मामंजींकडे एक लोखंडी सळई होती. ती ते ढिगात खोचून ठेवत, काला करून झाला की बाहेर काढत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवत. मग म्हणत, "आज चढलाय," किंवा "उतरलाय." माझा आकडा आणि त्यांचं मनगट कधी चुकलं नाही. पंधरा दिवसांनी असं झालं, की सळई टेकवून झाल्यावर ते तिथेच घुटमळायचे. एकदा न राहवून म्हणाले, "वहीत काय म्हणतंय?" तेव्हापासून मी आकडा मोठ्याने वाचू लागले.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मी घाण केली. दुसरा शब्द नाही. दसऱ्याच्या आधी साहेब काम कुठवर आलंय ते बघायला येणार होते. पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या माहेरी जे करतात तेच मी केलं. मामंजी वैरणीसाठी बाहेर गेलेले असताना गोठ्याची फरशी खराट्याने घासली आणि वरून फिनेल ओतलं. एक बाटली पुरेशी वाटेना, म्हणून दुसरीही ओतली. दुधासारखं पांढरं पाणी गोठ्याच्या उतारावरून छान वाहत गेलं. गोठ्याचा उतार शेण वाया जाऊ नये म्हणून सरळ काल्याच्या हौदात काढलेला होता, आणि हौदातून टाकीखाली जाणाऱ्या नळाचं बूच उघडं होतं. हे मी बघत होते. डोळ्यांनी बघत होते आणि फरशी किती स्वच्छ झाली याचंच मला कौतुक होतं. साहेबही खूश झाले. अगदी दवाखान्यासारखा वास येतोय, म्हणाले.

चार दिवसांनी शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली. सहाव्या दिवशी पोळ्या अर्ध्यावर राहिल्या आणि टाकी जी खाली बसली ती वर येईना. बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबूस, डोक्यात जाणारा वास सुटला, इतका की कुंपणापलीकडे खिडक्या लागल्याचे आवाज मला मोजता आले. मामंजी पाइप तपासत होते, त्यात साचलेलं पाणी काढत होते, टाकीला कान लावत होते. मी न्हाणीघरातली रिकामी बाटली कचऱ्यात टाकायला उचलली आणि तिच्यावरची ओळ वाचली: सर्व जंतूंचा नाश. ज्या जीवाणूंवर मी मामंजींना व्याख्यान दिलं होतं, ते सगळे मी दोन बाटल्यांत मारून टाकले होते. दिवाळीला जेमतेम महिना उरला होता. आता हा गोठा माझ्यामुळे जाणार, सोसायटीमुळे नाही आणि साहेबांमुळेही नाही, हे मला स्वच्छ दिसलं आणि मी तिथेच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले.

मग बाटली हातात घेऊन मी गोठ्यात गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. ते वैरण कापत होते. कोयता खाली ठेवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन बाटल्या."

मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. "मंग विरजण आणाया पायजे," ते म्हणाले आणि पुन्हा कोयता उचलला.

दही लागलं नाही तर आपण शेजारून विरजण आणतो, तसंच हे. टाकीखालचं मेलेलं शेण बाहेर काढायचं, नवा काला भरायचा आणि त्यात दुसऱ्याच्या चालू प्लँटमधली ताजी स्लरी घालायची. मामंजींच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा प्लँट वाघोलीला होता. आणायची कशातून, तर नवऱ्याने महिन्यापूर्वीच नवी गाडी घेतली होती. सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरंसुद्धा अजून काढलेली नव्हती. त्याला मी हे विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे आणि मग बापाकडे पाहिलं. बाप नजर चुकवून दाराकडे बघत होता. एका शनिवारी नवरा आणि मामंजी गेले आणि सहा कॅन भरून आले. येताना येरवड्याच्या आसपास एका कॅनचं झाकण उडालं. नवरा इस्त्रीच्या शर्टात, काचा खाली करून धायरीपर्यंत आला. पुढे कित्येक महिने ऑफिसातले लोक त्याच्याकडे लिफ्ट मागत नसत. पण त्या प्रवासात बापलेक दोन तास एकत्र होते, आणि गोठा बंद करायचा विषय नवऱ्याने त्यानंतर काढला नाही.

प्लँट उपसण्याआधी मी सोसायटीत दारोदार गेले. वास येणार आहे, माझीच चूक आहे, तीन दिवस सोसा, असं प्रत्येक मजल्यावर सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं, एका बाईंनी चहा दिला, एकांनी मी शिकले कुठे याची चौकशी केली. अध्यक्षांनी फळ्यावर खडूने लिहिलं: "तीन दिवस शेणाचा वास येईल. सहन करावा. चौथ्या दिवशी आल्यास कार्यालयात कळवावे." चौथ्या दिवशी मी सकाळपासून अंगणात नाक वर करून उभी होते.

उपसलेलं शेण मामंजींनी आठवडाभर उन्हात पसरून ठेवलं, फिनेलचा अंश जावा म्हणून, आणि मग त्याचा वेगळा ढीग लावला. नव्या काल्याला विरजण लागलं. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी टाकी वीतभर वर आली. मामंजींनी मला हाक मारून शेगडी पेटवायला लावली. ज्योत निळी होती. त्यावर मी चहा केला आणि आम्ही दोघांनी तो गोठ्यात उभं राहून प्यायला.

दिवाळीनंतर साहेब आले तेव्हा खड्डे बुजवलेले होते आणि पहिल्या ढिगाचं खत चाळून पोत्यांत भरलेलं होतं. काळं, भुरभुरीत. साहेबांनी मूठभर घेऊन नाकाशी नेलं, आणि घाणीचा वास येईल म्हणून आधीच वाकडं केलेलं तोंड त्यांना सरळ करावं लागलं. जाताना घरच्या कुंड्यांना म्हणून एक पिशवी घेऊन गेले. गोठ्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पुढची तीन वर्षं कुंपणावरून पाल्याची पोती आत येत राहिली आणि खताची बाहेर जात राहिली. आईच्या सोसायटीतूनही मागणी आली. ती स्वतः पोतं न्यायला रिक्षा करून आली आणि त्या गॅसवरचा चहा प्यायली. वर आलं जास्त झालंय म्हणाली. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. सकाळी वही, सळई, काला, उलथणं. मामंजी पन्नासशब्दी झाले होते, म्हणजे रोज पन्नासेक शब्द बोलायचे. ढीग उलथायचं जड काम एव्हाना माझ्याकडे आलं होतं, कारण त्यांचे गुडघे कुरकुरत होते. ते खाटेवर बसून मी कुठे चुकते ते सांगायचे.

मग नवऱ्याला कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तेव्हा आमच्या वयाचे सगळेच जात होते. मी नाही म्हटलं. गोठा कोण बघेल, ढीग कोण उलथेल, हे मी नवऱ्याला ऐकवलं. उत्तर मामंजींनी दिलं. "जा तुमी," ते मला म्हणाले. "खत कराया मी हाय की." मी वही त्यांच्या हातात दिली आणि आम्ही गेलो.

आमच्याकडे शनिवार संध्याकाळ असे तेव्हा पुण्यात रविवार सकाळ असायची. फोनचं कार्ड खरवडून मी नंबर फिरवायचे आणि मामंजी पहिल्याच रिंगला उचलायचे. समोर असताना पन्नास शब्द बोलणारा माणूस फोनवर थांबत नसे. टाकी किती वर आली, थोरल्या म्हशीने कशी लाथ झाडली, या खेपेला चिपाडं कमी पडली, सोसायटीतल्या कुणी किती पोती नेली. मी विचारायचे, वहीत काय म्हणतंय, आणि ते लगेच आकडा सांगायचे. एकटेपणामुळे बोलके झालेत, असं मला वाटायचं. त्या थंड गावात मला घराची आठवण फार यायची आणि आठवडाभर मी त्या दहा मिनिटांवर काढायचे. एकदा खूपच जीव कासावीस झाला तेव्हा मी म्हटलं, मी एकटी परत येऊ का. ते म्हणाले, इथं काय अडलंय, सगळं झ्याक चाललंय.

दोन वर्षांनी आम्ही मुंबईहून टॅक्सीने धायरीला पोचलो. बॅगा उतरत होत्या तेव्हाच मी मागे गेले. गोठा झाडून ठेवलेला होता. दावणीला दोर नव्हते. टाकी तळाला बसली होती आणि तिच्या कडेने गवत उगवलं होतं. आंब्याखाली ढिगाच्या जागी नुसती जमीन. स्वयंपाकघरात ओट्याखाली लाल सिलिंडर.

मामंजी माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. कधी, एवढंच मी विचारू शकले. तुम्ही गेल्यावर दीड महिन्यानं, ते म्हणाले. फावडं उचलंना. म्हशी वाघोलीच्या त्याच शेतकऱ्याला दिल्या, चौघी एकत्र राहाव्यात म्हणून. तुझ्या आईलाही सांगू नका अशी गळ घातली होती.

"मग दर रविवारी मला काय सांगत होतात?"

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस की निघून," ते म्हणाले.

आले असते. मला राग आला, इतका की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. दोन वर्षं मी ज्या गोठ्याच्या जोरावर तिकडे तग धरला, तो ते दर आठवड्याला माझ्यासाठी रिकाम्या दावणीसमोर बसून तयार करत होते. तिसऱ्या दिवशी मी वही उघडली. माझ्या अक्षराच्या खाली त्यांच्या अक्षरात रविवारमागून रविवार आकडे लिहिलेले होते. मला सांगितलेले आकडे पुढच्या वेळी चुकू नयेत म्हणून. अमेरिकेत पहिलं वर्ष सरता सरता त्यांनी मला धाकट्या म्हशीला पारडी झाल्याचं सांगितलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि नाव काय ठेवू असं विचारलं होतं. मी आठवडाभर विचार करून एक नाव कळवलं होतं. ते नाव वहीत सगळ्यात वर लिहून त्याला चौकट काढलेली होती.